शिवणीत गेलेले दोन शब्द

१७ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. पाठ कशी आहे? वहिनी पट्टा बांधायला सांगत असेल, तर निमूट बांध. इकडे आम्ही ठीक.

आईचं लिखाण बांधून झालं. एकशे बारा पानं. ‘ती’ सतरा पानं काढूनच पाठव, असं तू फोनवर तीनदा बजावलंस. मी ‘बघते’ म्हणाले होते. बघितली, आणि काढली नाहीत.

आई चार महिने आजारपणामुळे मावशीकडे होती, हे आपण इतकी वर्षं सांगत आलो. ती स्वतः मात्र स्वच्छ लिहून गेली आहे. भाड्याची खोली, टायपिंगची नोकरी, संध्याकाळी कोणासाठीही चहा न टाकण्याचं सुख. मुलं वाचतील म्हणतोस. तुझी मुलगी चोवीस वर्षांची आहे. आजी घर सोडून गेली होती हे वाचून ती चक्कर येऊन पडणार नाही.

माझ्या बांधणीच्या वर्गाला तू रिकामपणचे उद्योग म्हणतोस. तिथेच ही पूर्वेकडची जुनी पद्धत शिकले. सुटी पानं एकावर एक रचायची, कडेला आरीने चार भोकं पाडायची, एकाच दोऱ्याने आरपार शिवायचं आणि गाठ आत लपवायची. मधलं एक पान काढायचं तर सगळा दोरा कापावा लागतो. म्हणूनच ही निवडली.

पण ही शिवण कडेची जागा खाते, आणि आईने कागद वाया जाऊ नये म्हणून अगदी काठापासून लिहिलेलं. शिकवणारे काका चष्म्यावरून बघत म्हणाले, “आईंनी समास सोडलाच नाही की. आता बसा पट्ट्या चिकटवत.” बसले. प्रत्येक पानाच्या डाव्या काठाला बोटभर रुंद पट्टी, म्हणजे भोकं पट्टीत पडतात, अक्षरांत नाही. नऊ दिवस लागले.

पट्ट्या एकशे अकरा.

हे तुला लिहायचं नव्हतं. एक पान मी तसंच कडेला सरकवून शिवलं. काका पुस्तक चाळताना नेमके तिथे थांबले. “हे राहिलं वाटतं?” मी हो म्हणाले. त्यांनी मान डोलावून पान उलटलं, तेच जास्त लागलं.

त्या पानावर आई का परतली ते आहे. ‘धाकटी दारातूनच म्हणाली, मला तुझी लाज वाटते. मी पिशवी भरली.’ ओळीतले पहिले दोन शब्द शिवणीत गेले. लाज कोणाला वाटत होती, ते दोऱ्याखाली. वाचणाऱ्याने आत्यावर ढकललं असतं. आत्याबद्दल आपल्या घरात काहीही खपतं.

मी दहा वर्षांची होते, वाक्य बाबांनी पढवलेलं होतं, हे मी रोजनिशीत कितीदा लिहिलंय. पण म्हणाले मीच. आणि मला तिथवर आणून खाली सायकल धरून तू उभा होतास, तेही तिने खिडकीतून पाहिलं आणि पुढच्याच ओळीत लिहिलं. सतरा पानं तुला का नको आहेत, ते मला कळतं दादा. तुला सतरा नको होती, मला दोन शब्द. मग तुझ्यावर चिडण्याचा हक्क मला कुठला?

तो मिळवायला रविवारी दोरा कापला, पट्टी लावली, सगळं पुन्हा शिवलं. पान एक्काहत्तर. आता अक्षर न् अक्षर वाचता येतं.

पार्सल तुझ्या नावाने नाही, तुझ्या मुलीच्या नावाने टाकलं आहे. आधी पुस्तक वाच, मगच हे पत्र बाबाला दे, असं तिला कळवलंय. रागाव, फोन आपट, पुढच्या वेळी बोलावू नकोस. चालेल. मी माझी पट्टी लावली. सायकलीचं ती तुला विचारेल. सांग.

आईला परत आणणारी,
तुझी धाकटी