दोनशे एक्कावन्न गुलाब

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

१४ एप्रिलचा पहिला हार यंदा गोंदियाहून येणार नाही. माझ्या अंगणातून जाणार. विहार समितीनं काल ठराव केला. सचिव अपेक्षानं आज सकाळी फोन करून दुजोरा दिला. "काकू, रजिस्टर में लिख दिया. अब पलटना मत!"

पलटणार कशाला? शब्द मीच दिला होता, गेल्या जयंतीला, सगळ्यांसमोर. गोंदियाहून आणलेल्या फुलांचा हार सकाळी सहाला बाबासाहेबांच्या पुतळ्याला घातला आणि आठ वाजेपर्यंत खाली पाकळ्यांचा खच. रुख्माबाईंचं वय ऐंशीच्या वर. वस्तीतल्या सगळ्यात मोठ्या म्हणून पहिला हार त्यांच्याच हातानं पडतो. त्या खाली बघत म्हणाल्या, "सारी वस्ती मिळून एक ताजं फूल नाई पिकवत का व माय?" मी म्हटलं, "पुढच्या वर्षी माझे गुलाब." झालं.

हार नऊ फुटांचा. दोनशे एक्कावन्न फुलं लागतात. माझी झाडं चौसष्ट, सगळी ग्लॅडिएटर जातीची, सगळी लाल. झाडामागे चार धरली तर दोनशे छप्पन्न. म्हणजे पाच फुलांची सूट!

सत्तावीस वर्षं हिंदी पेपरच्या बालाघाट ब्यूरोत काढली. डेडलाइन मला नवी नाही. उलटं मोजत यायचं. छाटणीपासून फूल पंचेचाळीस दिवसांत. चौदा एप्रिलपासून पंचेचाळीस दिवस मागे — आजचा दिवस. साडेसहाला कात्री हातात घेतली, अकराला चौसष्टावं झाड झालं. प्रत्येक काप काडीवरच्या डोळ्याच्या, म्हणजे जिथून कोंब फुटतो त्याच्या, पाव इंच वर, तिरका. डोळा बाहेरच्या अंगाचा. मनगट ठणकतं आहे. पण एकही काप फाटलेला नाही. एकही!

२ मार्च

हे वारासिवनीहून राईस मिलचं तूस घेऊन आले. दोन पोती, बसच्या टपावरून. हे म्हणजे दुलीचंद — रिटायर्ड गुरुजी, त्यामुळे कंडक्टरही कुठला तरी जुना विद्यार्थीच निघतो. त्यानं विचारलं म्हणे, "गुरुजी, म्हैस घेतली का?"

"नाई रे, बायको गुलाब पोसते."

"मंग म्हैस परवडली असती!"

प्रत्येक बुंध्याभोवती चार बोटं तूस पसरलं. आता ऊन कितीही तापू दे, माती ओली राहील.

९ मार्च

डोळे फुटले. चौसष्टच्या चौसष्ट!

१७ मार्च

टिकाराम येऊन गेला. बस स्टँडजवळ त्याचं हारांचं दुकान. विहाराचा पहिला हार बावीस वर्षं तोच गुंफतो. फुलंही तोच गोंदियाहून आणायचा. मला वाटलं रागावून आला असेल. रागावलेलाच होता, पण माझ्यावर नाही. माझ्या फुलांवर.

"मॅडम, पेपर छापनं अलग, हार गुंफनं अलग. घरचं फूल नाजूक राह्यते. सुई घातली का मान टाकते."

"आधी फूल तर येऊ दे."

"येऊ द्या. पन गुंफाले मीच येईन. दुसऱ्या कोनाले हात नोको लावू देजा."

जाताना वाकून पानं उलटी करून बघत होता. मी पाहिलं नाही असं दाखवलं. पानाखाली काही सापडणार नव्हतंच. फुलकिडे येऊ नयेत म्हणून आठवड्यातून दोनदा निंबोळीचा फवारा चालू आहे. कलमाखालच्या रानटी खुंटातून फुटलेले फुटवे रोज शोधून काढते, कापत नाही, मुळातून ओढून काढते. कापला की तो दुप्पट जोमानं येतो आणि कलम उपाशी राहतं.

२६ मार्च

कळ्या मोजल्या. दोनशे एक्क्याहत्तर. दोनदा मोजल्या, मग ह्यांच्याकडून तिसऱ्यांदा मोजून घेतल्या. मास्तरांनी हजेरी घेतल्यासारखी ओळीनं घेतली. दोनशे एक्क्याहत्तर!

मोजण्याआधीच प्रत्येक काडीवर मधली एकच ठेवली, बाजूच्या चिमटून टाकल्या. फाटकातून बघणारी एक बाई कळवळली — "काहून तोडून राह्यल्या जी? जीव हाय त्यात!" तिला काय सांगणार? दहा ओळींची बातमी चांगली करायची तर वीस ओळी काढाव्या लागतात. मी तेच करते आहे.

खोटं कशाला बोलू. या वहीत तरी लिहिते. आयुष्यात माझ्या नावानं शेकडो बातम्या छापून आल्या, पण सकाळी उठून त्या बघायला मी कधी अंगणात गेले नाही.

३ एप्रिल, गुरुवार

चूक झाली. माझीच.

कळ्यांनी रंग दाखवला. अकरा दिवस आधी. काल पारा चाळीसवर गेला, आज एक्केचाळीस. पंचेचाळीस दिवस हा थंडीतला हिशोब. दरवर्षी मी डिसेंबरच्या फुलांसाठी छाटते, तोच आकडा डोक्यात बसलेला. उन्हाळ्यात झाड धावतं. मी फेब्रुवारीत बसून डिसेंबरचे दिवस मोजले!

हे म्हणाले, "तूच म्हनत होती न, बातमी वेळेच्या आधी फुटली तं कामाची नाई."

मग तेच उठले आणि पेटीतून माझ्या जुन्या सुती साड्या काढून आणल्या. बांबू, हिरवी जाळी, सात साड्या. संध्याकाळपर्यंत सगळं अंगण झाकलं. रस्त्यावरून मंडप घातल्यासारखं दिसतं. दोघांनी थांबून विचारलं, लग्न कोणाचं?

५ एप्रिल

सावलीनं दोन दिवस मिळाले असतील. जास्त नाही. चौदापर्यंत झाडावर टिकणार नाहीत.

७ एप्रिल, सोमवार

उपाय एकच. कळी घट्ट असताना, हिरवी पाकळी मागे वळली की लगेच काढायची आणि गारव्यात ठेवायची. सहा-सात दिवस राहते. पण अडीचशे कळ्या आमच्या एका फ्रिजमध्ये?

अपेक्षाला फोन केला. ती म्हणाली, "टेन्शन मत लो काकू, ग्रुपवर टाकते." दहा मिनिटांत मेसेज: "जिनके फ्रिज में नीचे की जगह खाली है, अपना नाम लिखें. बाबासाहेब के हार का सवाल है." दुपारपर्यंत एकोणीस घरं!

मी खाली अटी लिहिल्या. दांड्या पाण्यात. वर ओला पेपर. जवळ पिकलेलं फळ नको, त्यानं कळी फुलते. वर बर्फाच्या कप्प्यात अजिबात नको.

९ एप्रिल

काल आणि आज, सकाळी साडेपाच ते सात. दोनशे बासष्ट कळ्या निघाल्या. नऊ फुलकिड्यांनी खाल्ल्या, त्या सोडल्या. एकोणीस घरी स्टीलचे गडवे पोचवून आले.

कुठे भाजी बाहेर काढली, कुठे पाण्याच्या बाटल्या. एका घरी आजोबा कुरकुरले, "आमाले कोमट पानी, अन् गुलाबाले एसी!" दुसऱ्या घरी सुनेनं मटणाचा डबा उचलून शेजारी दिला. म्हणाली, "आज शिजवून टाका, मले जागा पायजे."

रुख्माबाईंकडे बारा कळ्या ठेवल्या. संध्याकाळी गेले तर त्यांची नातसून हसत होती. म्हातारी दर घंट्याला फ्रिज उघडून बघते म्हणे.

"आजी, उघडायचं नाही. गारवा जातो."

"पाह्यतो फक्त. निजून हायेत बिचाऱ्या."

११ एप्रिल

दुपारी आंधी. पाच तास वीज नाही. ग्रुपवर अपेक्षा: "कोई फ्रिज मत खोलना!" खाली एकोणीस अंगठे. रुख्माबाईंच्या नातसुनेनं लिहिलं, "म्हातारी फ्रिजच्या दारापुढे खुर्ची टाकून बसली हाय."

१२ एप्रिल

एका घरी बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या होत्या. "जादा थंडी में जादा टिकेंगे सोचा." सोळा कळ्या काळ्या. ती पोरगी रडायला लागली. तिला जवळ घेतलं. मनातल्या मनात वजाबाकी चालूच होती. दोनशे शेहेचाळीस.

१३ एप्रिल, रविवार

चार वाजता बायका गडवे घेऊन आल्या. ओसरीवर पांढरी चादर, त्यावर कळ्या. नुकत्या उमलू लागलेल्या, गडद, थंड.

टिकाराम मांडी घालून बसला. एकेक फूल उचलायचा, देठाच्या वरची गाठ अंगठ्यानं दाबायचा, डावीकडे किंवा उजवीकडे ठेवायचा. अशी वीस फुलं झाली. मी ह्यांच्याकडे बघत होते, हे छताकडे. मग तो म्हणाला, "मॅडम."

"बोल."

"असा टनक माल गोंदियाचा नाई येत. बावीस वर्षात नाई आला."

लिहून ठेवते — हे त्याचे शब्द, जसेच्या तसे. माझ्या पहिल्या पानावरच्या पहिल्या बातमीला संपादकांनी असं म्हटलं नव्हतं.

पण सतरा फुलं उजवीकडे गेली. गाठ मऊ. उरली दोनशे एकोणतीस. बावीस कमी.

टिकाराम म्हणाला, "आठ फुटाचा होईन. अन् काही इंच. तोकडा दिसन."

"दिसू दे. बाहेरचं फूल नको."

"पुतळा मोठा हाय, मॅडम."

"आठ फूट, टिकाराम."

त्यानं "हौ" म्हणत मान हलवली. फुलं ओल्या चादरीत बांधली. गुंफायला त्याला त्याचीच जागा लागते, तिथलीच सुई, तिथलाच खिळा. सकाळी साडेपाचला विहारात आणतो म्हणाला.

आठ तर आठ. ठरावात फूट लिहिलेले नाहीत. 'अंगणातले गुलाब' एवढंच लिहिलं आहे.

१४ एप्रिल, सोमवार

पडला हार!

सहाला पाच मिनिटं कमी होती. रुख्माबाई पांढऱ्या लुगड्यात. दोन पायऱ्या अपेक्षाच्या हाताला धरून चढल्या, तिसरी आपल्या आपण. दोन्ही हातांनी हार उचलून बाबासाहेबांच्या गळ्यात घातला. सगळ्यांनी एकदम "जय भीम" म्हटलं आणि मला पुढचं काही नीट दिसलं नाही.

तोकडा दिसेल ही धास्ती होती. कुठला तोकडा! थेट पोटापर्यंत आला. लाल, भरलेला, जड. टिकारामच्या हाताला तोड नाही.

आठ वाजता मी चौथऱ्याशी खाली वाकून पाहिलं. एक पाकळी नाही. रुख्माबाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्याही वाकल्या. मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "पिकवलं व पोरी. पिकवलं तुनं!"

मी एकसष्ट वर्षांची आहे. पोरी!

साडेनऊला रॅली आली. झेंडूचे, मोगऱ्याचे, कागदाचे, पक्षांचे — शंभरेक हार वर चढले आणि आपला दिसेनासा झाला. चालायचंच. साडेतीन तास पुतळ्यावर तो एकटा होता.

माझ्या जुन्या पेपरचा वार्ताहर आला होता. त्याला एकच वाक्य दिलं: "हर एक फूल इसी बस्ती का है." तो म्हणाला, "मॅडम, हेडिंग यही रखता हूँ." मीही तेच ठेवलं असतं.

१५ एप्रिल

तिसऱ्या पानावर, तीन कॉलम, फोटोसह. हेडिंग तेच. ह्यांनी चार प्रती आणल्या. एक पुण्याला लेकीला पाठवणार, एक रुख्माबाईंना. बाकी दोन कशाला, विचारलं तर म्हणाले, "असू दे."

परवा विहारात बैठक. विषयपत्रिकेत माझ्या आभाराचा ठराव आहे. अपेक्षानं मसुदा माझ्याकडेच तपासायला पाठवला! "प्रत्येक फूल त्यांच्या अंगणातले." एक अनुस्वार सुधारला, बाकी तसंच ठेवलं.

झाडांना आज दुप्पट पाणी दिलं.

१६ एप्रिल, बुधवार

हारात बावीस फुलं गोंदियाची होती. सांगणारा खुद्द टिकाराम. सकाळी फाटकाबाहेरच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी येईना. "बाबासाहेबाच्या गळ्यात माह्या हातचा तोकडा हार? नाई जमलं मले. पन तुमचं पेपरातलं वाचलं अन् दिवसभर जेवन गेलं नाई."

त्याच्यावर चिडता आलं नाही. आकडा दोनदा तपासल्याशिवाय सत्तावीस वर्षांत मी एक ओळ पुढे पाठवली नाही. तो हार माझ्या डोळ्यांसमोर पोटापर्यंत लोंबत होता, आणि मी मोजला नाही.

तीन ओळींचं शुद्धिपत्र लिहिलं आहे. दोनशे एकोणतीस वस्तीची, बावीस बाहेरची. उद्या दहाला ब्यूरोत देणार. संध्याकाळी सहाला विहारात, आभाराच्या ठरावाआधी, मीच वाचणार. टिकाराम म्हणाला, "मी बी येतो. नाव माहं घेजा." रुख्माबाई पहिल्या रांगेत असतील.