बाबांच्या फोटोला हार

२२ ऑगस्ट १९९९, रविवार

फोटो देऊन टाकला. आईला न विचारता!

सकाळी हळीखेडकर वकील आले होते. आमच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी. आई मलकपेठच्या बाजारात भाजीला गेलेली. यंदा गणपतीत नाटक नाही म्हणाले, 'वीरांना मानवंदना' आहे. कारगिलपासून सगळ्यांनाच सैनिकांची आठवण यायला लागलीय. दिलसुखनगरच्या साडीवाल्यानंसुद्धा दुकानावर तोफेचं चित्र लावलंय, खाली 'वीस टक्के सूट'! तर हैदराबादच्या मराठी घरांतले जे कोणी लढाईत गेले त्यांचे फोटो स्टेजवर ओळीनं मांडायचे, हार घालायचे. जे लढून परत आले त्यांचा सत्कार करायचा. "तुझे वडील एकाहत्तरचे ना? त्यांचा फोटो तर हवाच."

आईला विचारते, एवढंच म्हणायचं होतं. पण तिचं उत्तर मला पाठ आहे — "ते गेले नाहीत. ते यायचेत."

एकाहत्तरच्या डिसेंबरात बाबा पंजाबच्या सीमेवर बेपत्ता झाले. मी पाळण्यात होते. शरीर सापडलं नाही. पुढे फौजेनं कळवलं की मृत समजावं. आईनं काही समजलं नाही! कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हिरव्या बांगड्या, मंगळसूत्र, वटपौर्णिमेचा उपास, संक्रांतीचं वाण — सगळं चालू. शाळेत माझं नाव घालताना बाबांच्या नावाआधी तिनं 'श्री.' लिहायला लावलं. फोटो भिंतीवर नाही. कपाटात, साड्यांच्या खाली. भिंतीवर लावला की लोक हाराचं विचारतात म्हणे.

तिथूनच काढून दिला. वकील गेले आणि मी कपाटासमोर बसून राहिले. आईच्या पायऱ्या चढण्याचा आवाज आला तेव्हा उठले.

२३ ऑगस्ट

ऑफिसात दिवसभर चुका. सुपरवायझर म्हणाली, त्रिवेणी, तब्येत बरी नाही का?

आमचं कामही कसलं! अमेरिकेतले डॉक्टर टेपवर बडबडतात, आम्ही कानाला लावून टाइप करायचं. आज दोन म्हातारे माझ्या हातून वारले. कोण कुठले, पण त्यांचं मरण मला इत्थंभूत ठाऊक. काय झालं, काय दिलं, शेवटी उशाशी कोण होतं. सख्ख्या बापाचं मात्र काही म्हणता काही माहीत नाही.

लिहूनच टाकते, इथे कोण वाचतंय. मला बाबा मेलेले हवे आहेत.

लिहिलं खरं, अंगावर काटा आला. पण खोटं नाही ते. जिवंत असतील तर कुठल्या तरी तुरुंगात सडत असतील, आणि आम्ही इथे त्यांच्या वाढदिवसाला पुरण घालतोय! ती कल्पनाच मला सहन होत नाही. आणि गेले असतील तर मला एकदा पोटभर रडायचंय. आता सगळं शहर त्यांच्यासाठी रडायला तयार आहे. फक्त त्यांच्या मुलीला बंदी!

३० ऑगस्ट

आईनं कपाट आवरलं. साड्या काढल्या, झटकल्या, परत ठेवल्या. काही बोलली नाही. लक्षात आलं नसावं.

५ सप्टेंबर

बोंबला!

सुशीलाबाई हळीखेडकर आल्या होत्या. वकिलांच्या मिसेस, महिला शाखेच्या अध्यक्ष. सत्काराला बसणाऱ्या जवानांना ओवाळायला सुवासिनी हव्यात. म्हणून आईला बोलवायला आल्या! "मालनबाई, तुम्ही पाहिजेच हं. हिरवी साडी नेसा, सगळ्या हिरव्याच नेसतायत."

नवऱ्यानं बाबांना गेलेल्यांत बसवलं, बायकोनं आईला सुवासिनींत! एका घरात राहून ही दोघं एकमेकांशी बोलत नाहीत की काय?

मला वाटलं, आई गुडघ्यांचं कारण सांगेल. एरवी मंडळात कुठे जाते ती? पण लगेच "येते" म्हणाली. कारण हिम्मतमामा. त्यांचाही सत्कार आहे ना.

हिम्मतमामा बाबांच्या पलटणीतले, आमच्याच बिदरकडचे. त्याच लढाईतून मांडीत गोळी घेऊन परत आले. अजून लंगडतात. बहात्तरपासून दर भाऊबीजेला येतात, आई ओवाळते, जेवतात, जातात. बाबांबद्दल एक अक्षर नाही. लहानपणी मी खोदून विचारायची. "अंधारात चुकामूक झाली बेटा," एवढंच. आई तर तेवढंही विचारत नाही.

६ सप्टेंबर

ऑफिसातून वकिलांना फोन केला. फोटो परत द्या म्हटलं. "अगं, मोठे करायला गेलेत सगळे. पत्रिकेत नाव छापलंय."

"वकीलसाहेब, आई ओवाळायला येणार आहे हो!"

म्हणाले, "हरकत नाही. दोन्ही कार्यक्रम वेगवेगळे आहेत."

वेगवेगळे! स्टेज एक, तास एक, बाई तीच!

१३ सप्टेंबर

गणपती बसले. आज सांगायचंच असं ठरवून मोदक करायला बसले. एकवीस मोदक झाले, सांगणं झालं नाही. आई म्हणाली, "कायकू एवढी परेशान आहेस गं? कळ्या जाड होऊलाल्यात."

१७ सप्टेंबर

परवा कार्यक्रम. अजून सांगितलेलं नाही.

२० सप्टेंबर, सोमवार

रजा टाकलीय. काल झालं ते आज लिहितेय.

हॉल भरलेला. मागे थंड पेयाच्या कंपनीचं कापड, त्याच्यावर 'जय जवान'. डाव्या बाजूला फोटो, प्रत्येकाला झेंडूचा हार. बाबा दुसरे. मोठा केल्यामुळे चेहरा जरा फिसकटलेला, तरी बाबाच. हार घातल्यावर माणूस किती लगेच गेल्यासारखा दिसतो! उजव्या बाजूला खुर्च्यांवर जवान, कोणी काठी टेकवून, कोणी मुलाच्या आधारानं आलेले. हिम्मतमामा कडेला. इस्त्रीचा कोट, छातीवर पदकं. त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

मी आईच्या मागेमागे. तिला खांबाआड बसवलं, तिच्या पुढे उभी राहिले, काय काय केलं! पण नाव पुकारल्यावर तबक घेऊन निघाली ती. हिरवी साडी, ते कुंकू. स्टेजवर चढताना फोटो तिच्या अगदी हाताशी होते. तिनं पाहिलं की नाही, मला कळलं नाही. सरळ चालत गेली.

हिम्मतमामांना टिळा लावला, ओवाळलं. आणि तेवढ्यात मामांची नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे गेली.

ते उठले. तबकाला धक्का लागला, निरांजन विझलं. लंगडत लंगडत सगळं स्टेज ओलांडून गेले. बाबांच्या गळ्यातला — म्हणजे फोटोवरचा — हार काढला, आणि तो हातात घेऊन तिथेच उभे राहिले.

लोकांना वाटलं, मित्राला मानवंदना देतायत. टाळ्या! सगळा हॉल उभा राहिला. वकील माइकवर म्हणाले, "हा क्षण आपण कधीही विसरणार नाही." मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

आईनं निरांजन पुन्हा पेटवलं आणि पुढच्या जवानाला ओवाळायला लागली.

घरी आलो. वरणभात खाल्ला. एक शब्द नाही.

२६ सप्टेंबर

अजून नाही. वकील फोटो परत देऊन गेले. आईनं कपाटात ठेवला, जागच्या जागी. ओरडली असती, दोन ठेवून दिल्या असत्या तर चाललं असतं. ही शांतता मात्र खाऊन टाकतेय मला.

कुंकू तेवढंच. बहुतेक जरा मोठंच.

३ ऑक्टोबर

राहवेना. दिलसुखनगरला गेले, हिम्मतमामांकडे. कोचिंग क्लासच्या मागच्या गल्लीत मुलाकडे राहतात. सत्काराची शाल खुंटीला, घडी न मोडलेली. मला बघून उठले नाहीत.

"तू कायकू दिलास फोटो?"

"मामा, सगळ्यांचे होते—"

"सगळ्यांचे वेगळे. अक्का समोर होती. तिच्या हातात तबक होतं, पोरी!"

म्हटलं, "मग तुम्ही सांगा ना. बाबा आहेत की नाहीत? तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही तो हार का काढलात?"

तोंड फिरवलं त्यांनी. "नक्को विचारू. तिचं कुंकू हाय. माझ्या तोंडून नाही जायचं ते."

बसमध्ये बसल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हणजे माहीत आहे! सगळं माहीत आहे या माणसाला, आणि माझी आई वाट बघत म्हातारी झाली! इतका संताप आला की दोन स्टॉप पुढे गेले. शाली कसल्या घालताय या लोकांना?

४ ऑक्टोबर

कालचं वाचलं. लाज वाटली. मांडीत गोळी घेऊन आलेल्या माणसाबद्दल काय लिहिलंय मी!

पण संताप गेलेला नाही. दोन्ही आहेत, लाजही आणि संतापही. चिवड्यासारखी मिसळलीत.

८ नोव्हेंबर

दिवाळी. सगळीकडे फटाके, नव्या मोटारींना हार. परवा भाऊबीज. मामा येतील का? आईनं अनारशाचं पीठ जास्त घेतलंय. येतीलच असं धरून चाललीय.

१० नोव्हेंबर, भाऊबीज

आले.

उंबऱ्यातच थांबले. तोच कोट, पण पदकं नाहीत. "अक्का, आज पाटावर बसायच्या अगोदर बोलायचं हाय."

आई म्हणाली, "आधी ओवाळून होऊ दे भाऊ."

"नाही. ऐकल्यावर ओवाळायचं का नाही ते तू ठरव."

आणि उभ्या उभ्याच बोलले. बाबा अंधारात चुकले नव्हते. उसाच्या रानात पोटात गोळी लागली. मामांनी ओढत बांधापर्यंत आणलं. तिथे मामांच्या मांडीवर गेले. पाणी मागितलं, ते मिळालं. नंतर मामांनाही गोळी लागली आणि एकट्याला उचलवेना. सकाळी येऊन नेऊ म्हणून तिथेच ठेवले. सकाळी ते रान शत्रूकडे. "साहेबाला सांगितलं, चुकामूक झाली. टाकून आलो असं सांगायला जीभच उचलेना. मग तुझ्या दारात आलो, तर तुझं कुंकू. बोललो तर माझ्या हातानं पुसल्यासारखं. दर साली ठरवून यायचो. दर साली जेवून जायचो."

एवढा मोठा माणूस हुंदके देऊन रडला. पाणी मिळालं — माझ्या डोक्यात तेवढंच फिरत होतं. बाबांना पाणी मिळालं. कोणाच्या तरी मांडीवर डोकं होतं.

आईनं त्यांचा हात धरून पाटावर बसवलं. ओवाळलं. अनारसे वाढले. म्हणाली, "तुम्ही होतात भाऊ त्यांच्याजवळ. बरं झालं." आणि डोळ्यांना पदर लावला नाही.

जाताना मामा सरळ चालत होते. म्हणजे लंगडतच, पण सरळ.

११ नोव्हेंबर

आई आंघोळ करून आली ती मोकळ्या कपाळानं. मी ओरडलेच! पुसायची काही गरज नाही, असलं काही चालणार नाही या घरात, लाव आधी! तर हसली.

"मी वाट बघत होते असं वाटलं होय तुला? बहात्तरच्या भाऊबीजेलाच कळलं मला. दिवा समोर धरला, तर भाऊला माझ्या कपाळाकडं बघवेना. तेव्हा पुसलं असतं तर त्यानं घरी जाऊन विहीर जवळ केली असती. परत आलेला तो एकटा. त्याला तरी राखावं म्हटलं. आता बोलला, सुटला."

एका माणसाला जगवायला माझा बाप माझ्यापासून लपवला! मी तसं म्हटलंसुद्धा, तोंडावर. ती म्हणाली, "हौ. लपवला." मग कपाटातून फोटो काढून माझ्या हातात दिला.

"माझं रडून झालंय गं केव्हाच, मोरीत नळ सोडून. तुझं तेवढं राहिलंय."