भाऊजींचा ऑबिट

४ मार्च

चि. बारक्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

वर्तमानपत्रात तुला ‘ऑबिट’वर बसवलं, असं लिहितोस. म्हणजे नेमकं कशावर रे? माझ्या डिक्शनरीत तर हा शब्दच नाही. मी आपली शेजारीपाजारी बढती झाली म्हणून सांगून मोकळी झाले.

इकडे यांचं डोकं ठिकाणावर नाही. धरणाच्या भिंतीला तडे गेलेत असा अहवाल यांनी दिला, आणि आता तो मागे घ्यायला काही केल्या तयार नाहीत. ठेकेदाराची माणसं घरी येऊन गेली. चहा घेतला, गोड गोड बोलली. मला त्या गोड बोलण्याचीच भीती वाटते. त्यात फोन बंद पडलाय, तेव्हा पत्र टाकत जा.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस शि. सा. न.

बढती कसली डोंबलाची! ऑबिट म्हणजे ऑबिच्युअरी, मृत्युलेख. एवढा लांबलचक शब्द दिवसभर कोण उच्चारणार, म्हणून आमच्या लोकांनी त्याचं शेपूट छाटलं. मुळात लॅटिन, अर्थ ‘सामोरं जाणं’. मेला म्हणायला त्यांचीही जीभ रेटत नसावी. मोठ्या माणसांचे ऑबिट आम्ही ती हयात असतानाच लिहून ठेवतो. मात्र माणूस पिकलेला किंवा अंथरुणाला खिळलेला हवा.

काल संपादकांनी मला भाऊजींचा ऑबिट लिहायला सांगितलं. मला हसू आलं. म्हटलं, ते तर ठणठणीत आहेत. संपादक हसले नाहीत. म्हणाले, मालकांना शनिवारच्या आत हवाय. आमचे मालक त्या ठेकेदाराचे सख्खे मेहुणे.

ताई, ऐक. भाऊजींना एकटं कुठे सोडू नकोस. असाल तसे इकडे निघून या.

तुझा बारक्या

११ मार्च

चि. बारक्यास अ. उ. आ.

तुझं उत्तर अजून नाही, आळशी कुठला! पण तुमचा पेपर मात्र गुणी निघाला. सकाळी तुमच्याकडचा फोटोग्राफर आला होता. यांच्यावर मोठा लेख येणार म्हणे! शाळा कुठली, लग्न कधी झालं, सगळं विचारून घेतलं. अखेर कुणीतरी ऐकून घेतंय म्हणून हे लहान मुलासारखे हरखले. मलाही किती दिवसांनी हलकं वाटलं.

भिंतीच्या अगदी कडेला, तडे दिसतील असा फोटो हवा म्हणाला. मी यांना इस्त्रीचा शर्ट दिला, आणि दोघं त्याच्याच गाडीतून गेले. जेवायला येतो म्हणाले होते. आता दिवेलागण झाली. एका फोटोला एवढा वेळ लागतो का रे?

माया असू दे.
तुझी ताई