एका फळीवरचं जेवण

आबा,

लढाई संपल्यावर मी इटलीहून परत आलो, तेव्हा तुम्ही खांद्यावर घोंगडं टाकून कोरेगावच्या फलाटावर उभे होता. म्हसवडकडे जाणाऱ्या मोटारीची वाट बघत आपण बसलो. बराच वेळ मेंढरांचं, चाऱ्याचं बोलून झाल्यावर तुम्ही विचारलंत, "तिकडची माणसं कशी हाईत रं?" मी म्हणालो, "आपल्यावानीच हाईत." तुमचं तेवढ्यावर भागलं. तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, मीही आता म्हातारा झालो, पण तुमच्या त्या प्रश्नाचं धड उत्तर द्यायचं राहिलं असं हल्ली फार वाटतं.

लढाई थांबली तरी जहाज मिळेना, म्हणून आमची पलटण एका डोंगरातल्या गावात राहिली होती. माझ्याकडे खेचरं होती. तबेल्याला लागूनच एक घर, तिथं म्हातारा-म्हातारी, त्यांचा मुलगा आणि सून. त्यांचीही मेंढरं होती, आबा. म्हातारा संध्याकाळी कळप आत घेताना तुमच्यासारखाच ओठ मुडपून शीळ घालायचा. मला घरची आठवण यायची, आणि हसूही यायचं. बाकी सगळं निराळं. दुपारी गाव दारं लावून चक्क झोपायचं. बायका धुणं गल्लीवर आडव्या दोऱ्या बांधून वाळत घालायच्या, त्यातलं काही काही असं असायचं की आम्ही शिपाई मान खाली घालून खालून जायचो. वरून त्या खदाखदा हसायच्या.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला जेवायला बोलावलं. म्हातारीनं मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा रटारटा शिजवला आणि मेजावरच्या भल्या मोठ्या लाकडी फळीवर पसरून दिला. वरून टोमॅटोचं कालवण आणि मेंढीच्या दुधाचं चीज. ताटं नाहीतच. सगळे भोवती बसले, प्रत्येकाच्या हातात चमचा. आपापल्या कडेनं खात मधे यायचं. माझा हात काही पुढे होईना. चार माणसांचं उष्टं, आणि त्यात सासऱ्याशेजारी सून. म्हातारीच्या ते लक्षात आलं. तिनं दोरा ताणून, तिकडं घट्ट घाटा तसाच कापतात, माझ्यापुरता तुकडा कापला, एका बशीत घातला आणि माझ्या हातात दिला. रागावलं कुणी नाही.

मग ते जेवायला लागले. म्हाताऱ्यानं बायकोच्या हद्दीतलं चीज पळवलं, तिनं त्याच्या चमच्यावर चमचा हाणला. सून सासऱ्याच्या पुढ्यातलं ओढून खात होती आणि सासरा हसत होता. मी मांडीवर बशी घेऊन बाजूला, सोयऱ्यांत रुसलेल्या जावयासारखा. मला माझंच खुळ्यासारखं वाटलं. उठलो आणि बशीतला तुकडा परत फळीवर ठेवला. म्हातारा सरकला, मला जागा केली. पोट तट्ट होईपर्यंत जेवलो.

त्यानंतर घरी आलो त्या रात्रीचं तुम्हाला आठवत असेल. आईनं आपल्या दोघांना बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं वाढलं आणि ती चुलीपाशी बसून राहिली, रोजच्यासारखी. मी म्हणालो, "आये, तूबी बस."

"गप जेव. मी खाती मागनं."

"मग मीबी मागनंच."

तुम्ही घास हातात धरून माझ्याकडे बघितलंत. "पलटणीत ह्येच शिकलास व्हय? बाईमाणसाला पंगतीला बसवायचं?"

मी ताट पुढं सरकवून ठेवलं. माडगं निवत चाललं. तुम्हाला भूक लागलेली, पण इतक्या दिवसांनी आलेला पोरगा उपाशी असताना घास गिळवेना. शेवटी तुम्हीच वैतागून म्हणालात, "ये गं बाई. ह्यो काय ऐकायचा न्हाई."

आई आली, पण तुमच्याकडे पाठ करून बसली. पदराआड हसत होती, हे तिच्या खांद्यांवरून कळत होतं. तुम्ही ठेच्याची वाटी तिच्याकडे सरकवलीत. तिनं ती तशीच माझ्याकडे सरकवली.

"का गं? घे की."

"मला तिखट सोसत न्हाई."

"कवापास्नं?"

"ल्हानपणापास्नं. पोटात आग पडती."

लग्नाला विसाहून अधिक वर्षं झालेली. तुमच्या ताटात उरलेलं तिखट ती रोज खात होती. मग तुम्ही खाली बघून म्हणालात, "सांगायचं न्हाईस व्हय," आणि हसलात. तीही हसली, अन् पाठ वळवून बसली होती ती जरा तुमच्याकडे वळली. पुढं त्या विषयावर तुम्ही कधी बोलला नाहीत. फक्त जेवायला बसलात की आत हाक जायची, "आलीस का?"

आईला वाटत राहिलं की पोरानं आपल्यासाठी हट्ट धरला. गावात कौतुकानं सांगायची. मी तिला कधी खरं सांगितलं नाही, तुम्हाला सांगतो. त्या रात्री मला तिचा विचार आधी सुचलाच नव्हता. दोघंच समोरासमोर मुकाट जेवायला बसलो होतो, आणि मला ते फार सुनं सुनं वाटलं, एवढंच.