टोपच्या पुढं बंद पडणारी गाडी

२१ एप्रिल, सोमवार

परत तेच! भर दुपारी वर्षाचा फोन — "टोप गावाच्या पुढं बंद पडली. सुरूच हुईना." ती वडगावला ड्यूटीवर निघालेली, हॉस्पिटलात. मी इकडं कागलला, कंपनीत, जेवायला बसलेलो. चार जण ऐकत होते. म्हणालो, "चोक ओढून चालवत असशील. आधी ते बघ." सगळे हसले. मीही हसलो. तिनं फोन ठेवला.

२२ एप्रिल

सकाळी कंपनीची बस यायच्या आधी गाडी बघितली. पहिल्या किकला सुरू! रंकाळ्यापर्यंत जाऊन आलो — मक्खन. गाडीत काही नाही. चालवणारीत आहे.

२५ एप्रिल, शुक्रवार

सासूबाई आणि चनबसाप्पा, वर्षाचा भाऊ, जेवायला आलेले. चनबसाप्पानं विचारलं, "दाजी, गाडी लई त्रास देतीया म्हणं?"

"गाडी न्हाय, तुमची बहीणच गाडीला त्रास देतीया!"

मोठा हशा. सासूबाईसुद्धा हसल्या. वर्षा भाकरी वाढत होती. वाढतच राहिली. त्यानंतर एकदाही माझ्याकडं बघितलं नाही.

२७ एप्रिल, रविवार

हे लिहायलाही लाज वाटते.

वर्षाला आज रात्रपाळी, म्हणून गाडी घरीच. वडगावला बहिणीकडं, संयोगिताताईकडं निघालो, बाराच्या उन्हात. टोप ओलांडलं आणि गाडी ढिली पडली. दोन आचके — बंद.

चोक बघितला. बंदच होता! दोनदा बघितला. पेट्रोल होतं. हवा कोंडली असेल म्हणून टाकीचं झाकण उघडलं — फरक नाही. प्लग काढून इंजिनला टेकवला, किक मारली. ठिणगीच नाही. हाताला चटके बसत होते. शेजारच्या रसवंतीतून फडकं ओलं करून आणलं, प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या कॉइलवर धरलं. जरा वेळानं परत किक — निळी ठिणगी!

कॉइल तापली की मरते, गार झाली की चालते. मी कायम सकाळच्या गारव्यात तपासत होतो. दिवसभर इंजिनाचे पार्ट तपासायची नोकरी करतो मी!

रसवंतीवाल्या बायडाबाई बघत होत्या. म्हणाल्या, "ही त्या नर्सबाईंची गाडी न्हवं? सारखी बंद पडती. उन्हात ढकलत आणत्यात, बिचाऱ्या. त्या दिशी दोन पोरं मागं लागलती. फटफटी वळवून वळवून येत हुती. मी बाईंना आत बसवलं, काठी घिऊन दारात बसलो की!"

मी प्लग परत बसवायला लागलो.

"पावणं, तुमी कोण त्यांचं?"

तोंडातून गेलं — "मिस्त्री."

"मग नीट करा की ओ! काय न्हाय म्हणून हात झटकू नका. बाई लई गुणाची हाय."

पुढ्यातला रस तसाच ठेवून निघालो. वर्षा मला त्या पोरांबद्दल एक शब्द बोलली नव्हती.

२८ एप्रिल

नवी कॉइल बसवली. वर्षानं विचारलं, "काय झालतं?" सांगायचंच ठरवलं होतं. म्हणालो, "किरकोळ. प्लग साफ केला."

"म्हणजे माझंच चुकत हुतं."

मी गप्प. गप्प बसलो!

२९ एप्रिल

कंपनीत जेवण गेलं नाही.

३० एप्रिल

आज सांगितलं. वर्षासमोरच चनबसाप्पाला फोन लावला, स्पीकरवर टाकला, सासूबाईंनाही जवळ बोलवायला लावलं. "दोष गाडीचा होता. वर्षाचं काही चुकलं नव्हतं. मी उगाच हसं केलं तिचं." मग चनबसाप्पा म्हणाला, "असूंद्या दाजी." ते असूंद्या जास्त लागलं.

फोन ठेवल्यावर त्या पोरांचं विचारलं. "मला का सांगितलं नाहीस?" वर्षा कपड्यांच्या घड्या घालत राहिली. मी म्हणालो, आता गाडी कितीही तापू दे, बंद पडणार नाही.

"बरं," म्हणाली.

रसवंतीत मिस्त्री म्हणालो, तेवढं मात्र सांगवलं नाही.

२ मे

गाडी दारातच. वर्षा एसटीनं निघाली. ती पायात चपला घालत होती तेव्हा विचारलं — अजून गाडीची भीती वाटते का?

"गाडीची न्हाय ओ. बंद पडली की तुम्हाला फोन करायला लागंल — त्याची वाटती."