कांजूरच्या बजींची वेबसाईट सुधारली त्याची हकीगत

सोनूअक्कास,
धाकट्या भीमराजचा मनापासून जयभीम.

पत्र बघून घाबरू नकोस, वाईट बातमी नाही. तुझे गुडघे कसे आहेत? मी दिलेलं तेल लावतेस की नुसतंच उशाशी ठेवतेस? माझी साखर आटोक्यात आहे. कवळी जरा सैल झाली आहे (शीळ घालताना पुढे येते, म्हणून पक्ष्यांना शीळ घालणं बंद केलंय), बाकी ठीक. फोन का केला नाही म्हणशील. मागच्या फोनवर मी सात वेळा "जेवलीस का" विचारलं आणि तू सात वेळा "पाऊस नाही" म्हणालीस. सातव्या वेळी आमच्या समोरच्या दारातून कोणीतरी म्हणालं, "जेवल्या हो त्या." तेव्हापासून मी ठरवलं, तुला आता लिहूनच कळवायचं.

माझ्या बजींचं, या चिमुकल्या पोपटांचं, तुला माहीत आहेच. (लोक त्यांना लव्हबर्ड म्हणतात. लव्हबर्ड वेगळे. मी प्रत्येकाला समजावतो, प्रत्येक जण मान डोलावतो आणि जाताना "लव्हबर्ड छान आहेत हां" म्हणून जातो.) मिथुनची आई गेली त्या वर्षी तळमजल्यावरचं बिऱ्हाड घर सोडून गेलं आणि जाताना एक जोडी पिंजऱ्यासकट माझ्या दाराशी ठेवून गेलं. मी गॅलरीत छोटी मडकी टांगली, मडक्यांत अंडी आली, आणि बघता बघता सेहेचाळीस झाले. मिथुनने बंगळूरला जायच्या आधी एका दुपारी बसून वेबसाईट करून दिली. म्हणाला, बाबा, पक्षी विकले जातील, माणसं येत राहतील, तुम्हाला करमेल. ती वेबसाईट अशी होती: पहिल्याच पानावर आपल्याकडे नसलेला एक भलामोठा लाल-निळा परदेशी पोपट, सगळा मजकूर इंग्रजीत, आणि नकाशावर आमच्या घराची खूण थेट डम्पिंग ग्राउंडवर. दोन वर्षांत चार माणसं आली. त्यातली दोघं नाक धरून डम्पिंगवरूनच परत गेली, एकाला तो मोठा पोपट हवा होता, आणि चौथा विमा विकायला आला होता. (तो दीड तास बसला. विमा मी घेतला नाही, पण माणूस छान होता.)

आमच्या वरच्या मजल्यावर ऋता म्हणून एक बाई राहते. चाळिशीची, एकटी, कुठल्याशा कंपनीचं काम घरूनच करते. मार्चमधल्या एका शनिवारी ती खाली आली आणि दारातूनच म्हणाली, "काका, माझ्या मीटिंगमध्ये माझ्यापेक्षा तुमचे पक्षी जास्त बोलतात." तिच्या साहेबाने म्हणे तीनदा विचारलं होतं, रजा घेऊन जंगलात गेली आहेस का. मी सांगितलं की सूर्य मावळला की ते गप्प होतात. ती म्हणाली, तेव्हाच माझं कामही संपतं. मग तिने विचारलं की विकायला मी काय करतो, म्हणून मी वेबसाईट दाखवली. डॉक्टर एक्स-रे बघतात तशी ती बघत राहिली. शेवटी म्हणाली, दोन मार्ग आहेत. एकतर मी सोसायटीत तक्रार करते, नाहीतर ही साईट नीट करते, म्हणजे पक्षी आपोआप जातील. पहिल्यात भांडण आहे आणि दुसऱ्यात माझे रविवार जातील. रविवारी तसंही मला काही नसतं.

चार रविवार लागले, अक्का. ती गॅलरीत स्टुलावर लॅपटॉप घेऊन बसायची, मी चहा करायचो. तिने तो परदेशी पोपट काढला, खूण उचलून आमच्या इमारतीवर आणून ठेवली, मजकूर मराठीत केला. माझ्या बोटावर एकेक पक्षी बसवून फोटो काढले. सगळ्या फोटोंत माझा अंगठा आला. ती म्हणाली, राहू दे काका, त्यावरून पक्षी केवढा ते कळतं. प्रत्येकाची माहिती मी लिहून दिली. (शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं बरण्यांना चिठ्ठ्या लावल्यात, हात बसलेला आहे.) मी लिहिलं होतं, "पिवळी मादी, अकरा महिने, स्वभाव तापट पण मन साफ, सकाळी नऊपर्यंत बोलायला जाऊ नये." ऋताने "पिवळी मादी, अकरा महिने" एवढंच ठेवलं. मी म्हणालो, मग तिच्यात आणि दुसऱ्या पिवळीत फरक काय राहिला? त्यावर पुष्कळ वाद झाला. इतका वाद माझ्या घरात तीन वर्षांत झाला नव्हता, मला फार बरं वाटलं.

साईट सुरू झाली आणि फोन वाजायला लागला. पहिल्या आठवड्यात अकरा जणांनी विचारणा केली. मी प्रत्येकाशी सविस्तर बोललो. (दोघांनी मध्येच ठेवला. त्यांना ऑफिसला जायचं असणार.) नऊ जोड्या विचारून झाल्या, गेली एकही नाही, कारण कोणाच्या घरात मांजर, तर कोणाला हॉलच्या रंगाला शोभेल असा पक्षी हवा. मग जुहूच्या एका हॉटेलातल्या लग्नाची सजावट करणाऱ्या माणसाचा फोन आला. त्याला चाळीस पाहिजे होते.

"हार घालताना हवेत सोडायचेत," तो म्हणाला. "पांढरे असले तर झकास."

मी विचारलं, सोडल्यावर ते जाणार कुठे?

"उडून जातील ना काका. पक्षीच आहेत."

मी त्याला समजावलं की हे पिंजऱ्यात जन्मलेले आहेत, त्यांना कावळा म्हणजे काय ते माहीत नाही, दाणा शोधणं माहीत नाही, संध्याकाळपर्यंतही टिकणार नाहीत. तो म्हणाला, तोवर फोटो होऊन जातात. मी फोन ठेवला आणि गॅलरीत जाऊन सगळे मोजले. सेहेचाळीस होते.

ऋता चिडली. माझ्या निर्णयावर नव्हे, तो तिला पटला. पण मग आधी परत पाठवलेल्या अकरा जणांचं काय, असं तिचं म्हणणं. तिने लॅपटॉप मिटला आणि विचारलं, "काका, तुम्हाला हे पक्षी द्यायचेत की नाही?"

मी चहा ठेवायला उठलो. भरलेले कप समोरच होते.

शेवटी असं ठरलं की साईटवर एक फॉर्म टाकायचा, म्हणजे नको ती माणसं परस्पर गळतील. प्रश्न मी काढले. घरात माणसं किती? दिवसा घरी कोण असतं? पक्ष्याशी रोज कोण बोलणार? चालतो का बघायला मीच पहिला भरला. माणसं एक, दिवसा मी, बोलणार मी. लगेच खाली मीच लिहून दिलेलं उत्तर आलं: "एकट्या माणसास पक्षी देण्याबाबत विचार करून कळवू." कळवायचं कोणाला ते कळेना.

आता पुढचं मिथुनला सांगू नकोस. साईट पुरी झाली, त्यामुळे पुढच्या रविवारी ऋता आली नाही. मी दोन कप आधण ठेवून बसलो होतो. मजकूर कसा बदलायचा ते तिने मला शिकवलं होतं. मग त्याच्या पुढच्या शनिवारी दुपारी मी आपल्या फोन नंबरातला एक आकडा बदलला आणि रविवारी वर जाऊन सांगितलं, बघ गं, नंबर चुकलाय. ती आली, दुरुस्त केलं, चहा झाला. पुढच्या शनिवारी मी पिवळ्या मादीचा निळा नर केला. त्याच्या पुढच्या शनिवारी घर पुन्हा डम्पिंगवर नेऊन ठेवलं. दर वेळी ती म्हणायची, कसं काय होतं कोण जाणे. असे पाच रविवार गेले. अर्थात गिऱ्हाईकं बंद झाली, पण त्याचं मला काही वाटलं नाही.

गेल्या महिन्यात एका बुधवारी फॉर्म आला. नाव: ऋता. पत्ता: तुमच्या डोक्यावर. घरात माणसं: एक. दिवसा घरी कोण: मी. पक्ष्याशी कोण बोलणार: "मीटिंग सोडून मी कोणाशी बोलत नाही. शिकेन."

मी पिवळी मादी आणि तिचा हिरवा जोडीदार छोट्या पिंजऱ्यात घातले, राळ्याच्या दाण्यांची पुडी घेतली आणि वर गेलो. तीन वर्षांत मी प्रथमच तिच्या घरात बसलो. पक्षी नव्या जागेत एकमेकांना चिकटून गप्प होते. मग तीच म्हणाली, "काका, साईटवर कोणी, कधी, काय बदललं ते सगळं मला दिसतं. पहिल्याच रविवारी दिसलं होतं."

मी राळ्याची पुडी सोडून पुन्हा बांधली. मी विचारलं, "मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर मला तरी खाली यायला काय कारण राहिलं असतं?"

आता तिच्या मीटिंगमध्ये तिच्याच घरातले पक्षी बोलतात. साहेबाला तिने सांगून टाकलं, सवय करून घ्या. ती रविवारी येते, काही बिघडलेलं नसतं तरी येते. पत्र फार लांबलं, डोळ्यांना त्रास देऊ नकोस, दोन दिवसांत मिळून वाच.

तुझा,
भीमराज

ता. क. मिथुनची आई गेल्यापासून मी गावाला आलो नाही. तू विचारायचीस तेव्हा, पक्ष्यांना कोण बघणार, असं सांगत आलो. ते खरं नव्हतं. शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघत त्या एसटीत पाच-सहा तास बसणं मला जमत नव्हतं, एवढंच.

ता. क. २. ऋता पंधरा दिवस पक्षी सांभाळायला तयार आहे. येऊ का? काम काहीच नाही. ओट्यावर बसेन, तू सांगशील ते निवडून देईन.

ता. क. ३. उत्तराची वाट न बघता आज नेहरूनगर डेपोतून शुक्रवारचं तिकीट काढून आलो. खिडकीची जागा मिळाली. हे पत्र बहुतेक माझ्या मागूनच पोचेल. तसं झालं तर माझ्यासमोर वाचू नकोस.