आधी पाणी चाखावं

ती. दादास,
साळूचा नमस्कार.

पारनेरची जमीन विकून तू कोकणात समुद्राकाठी घर घेतलंस. सुट्टीला मुंबईचे पाव्हणे येतील, भाडं देतील, म्हनालास. घर कसं वाटलं ते कळव, असं काल तुझं पत्र आलं.

दादा, माझं लगीन जमवताना तू सासरच्या इहिरीचं पानी आधी वंजळभर चाखलंस, मगच सुपारी फोडलीस. कोकणात मात्र आभाळापत्तुर पानी बघून परसातली इहीर चाखायची इसरलास. आपल्या दुष्काळी मानसाचा जीव पान्यावर लगेच भाळतो.

मी घर बघाया आले, तवा तू खाली मान घालून तांब्या पुढं केलास. पानी खारट हुतं. मी तांब्या रिता केला आन 'गोड हाय' म्हनाले. तू तोंड फिरवलंस.

हे पत्र टाकत न्हाई. कार्डावर एवढंच लिहिते: समुद्र लई आवडला. पुन्हा येईन, तांब्या भरून ठेव.

तुझीच,
साळू